वाडीतल्या ८ बाय १० च्या शेडचा पाया: काळ्या मातीत पैसा कुठं टाकायचा

घरामागं वाडीत चार वाफे भाजीचे केले, दोनचार लिंबाची झाडं लावली, की सामान वाढतच जातं. फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, खताच्या अर्ध्या बोऱ्या, कुदळ, फावडं, विळे. हे सगळं ओसरीत किती दिवस ठेवणार, अन् फवारणीचा पंप तर घरात ठेवूच नये, म्हणून माणूस म्हणतो चला छोटं टिनाचं शेड टाकू. वेल्डिंगवाला अँगल अन् टिन दोन दिवसात उभं करून देतो, तिथं काही अडत नाही. अडतं ते खाली, पायाला, अन् खास करून आपल्या विदर्भातल्या काळ्या जमिनीत.

मी स्वतः पहिल्यांदा जे केलं ते आधी सांगतो. मे महिन्यात जागा साफ केली, जमीन इतकी टणक की सब्बल मारली तर ठण्ण आवाज यायचा, मला वाटलं याच्यापेक्षा पक्की जमीन कोणती असणार, म्हणून थेट मातीवर ४ इंच काँक्रीट ओतलं अन् त्यावर शेड बसवलं. पोळ्यापर्यंत दाराची कडी लागेना. टिनाचं पाणी ज्या बाजूला पडायचं ती कड वर उचलली होती, दुसरी कड तिथंच, अन् कडीचा दांडा भोकाच्या अर्धा इंच खाली येत होता. दुसऱ्या उन्हाळ्यात दारापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत अशी चीर गेली की तिच्यात १० रुपयाचं नाणं उभं राहत होतं. आमच्याकडचे एक म्हातारे मिस्त्री पाहायला आले, बसून चिरेत बोट घातलं अन् म्हणाले, "भाऊ, हे जमीन पावसात फुगते अन् उनात आकसते. तिच्यावर सिमेंट कितीबी ओता, ते थांबत नाही. तुम्ही आधी पाणी दूर करा, मंग मुरूम टाका, सिमेंटचं मंग पाहू." पुढं मी जे शिकलो ते सगळं या एका बोलण्यातूनच.

म्हणजे मुद्दा असा की रिकामं टिनाचं शेड दोनअडीचशे किलोच्या आसपास असतं, सामान टाकलं तरी घरासारखं वजन नाही, ते खचत नाही. काळ्या मातीत त्रास वजनाचा नसतो, पाण्याचा असतो. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी शोषून फुगते अन् वाळली की आकसते. म्हणून जो पैसा सिमेंटमध्ये घालणार तोच मुरमात अन् पाणी काढून देण्यात घाला, कमी पैशात जास्त टिकतं.

आधी आपली जमीन ओळखा

विदर्भात सगळीकडं एकच माती नाही. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, बुलढाणा इकडं बहुतेक काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट झिजून झालेली काळी माती. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं खडकच वेगळा, माती लालसर पिवळट, बऱ्याच ठिकाणी हातभर खाली मुरूमच लागतो. नागपूर, चंद्रपूर जिल्ह्यात दोन्ही सापडतात, एका गावात टेकडीकडं बरड अन् नाल्याकडं काळी असंही असतं. म्हणून शेजाऱ्यानं काय केलं ते पाहून आपलं ठरवू नका, स्वतःच्या जागेवर गड्डा खोदून पाहा, १ फूट बाय १ फूट, ३ फूट खोल. किती फुटावर रंग बदलतो ते लिहून ठेवा.

एप्रिलमध्ये भेगा पडल्या की एक सोपी तपासणी आहे, वाळलेली तुराटी घ्या अन् भेगेत सरळ सोडा, किती आत जाते बघा. माझ्या वाडीत २ फुटाच्या वर गेली होती. तुराटी वीतभर गेली तर जमीन मध्यम, हात दीड हात गेली तर जमीन भारी, अन् जितकी भेग खोल तितक्या खोलीपर्यंत ती माती दरवर्षी हलते असं धरून चाला. भेगांचा हंगाम नसेल तर माती ओली करून तळहातावर पेन्सिलीएवढी वळी वळा, न तुटता वळली अन् हात चिकट झाले तर ती फुगणारी माती.

अजून पक्कं पाहायचं असेल तर दोन सारखे काचेचे ग्लास घ्या, वाळलेली माती कुटून चाळून दोन्हीत सारखी टाका, एकात पाणी ओता, एकात रॉकेल, नीट ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट किंवा जास्त उंच झाला तर जमीन फारच फुगणारी आहे. लॅबमध्ये इंजिनिअर लोक हीच तपासणी मोजमापाच्या नळीत करतात. आता रॉकेल मिळणं अवघड झालंय, पण एखाद्याकडं वाटीभर निघतंच.

मुरमाड, बरड जमीन असेल तर तुमचं काम सोपं. वरची ४-६ इंच काडीकचऱ्याची माती काढा, सपाट करा, ठोका, अन् खाली ब्लॉकचं सांगितलंय तिथं सरळ जा. मुरूम विकत आणायची गरज नाही. मात्र पूर्वेकडं पाऊस जास्त अन् उधई (वाळवी) पण भारी, लाकडी फ्रेम करणार असाल तर लाकूड मातीला लागता कामा नये, एक वीत तरी वर पाहिजे.

जागा

घराच्या अन् गोठ्याच्या छताचं पाणी जिथं पडतं तिथं शेड नको. मोरीचं, न्हाणीचं पाणी जिथं मुरतं तिथंही नको, कारण एका बाजूची माती बारा महिने ओली अन् दुसरी कोरडी म्हणजे एक बाजू कायम वर. मोठ्या कडुलिंबाच्या किंवा पिंपळाच्या जवळ पण नको, मुळं उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून घेतात अन् त्या बाजूची माती जास्त आकसते, झाड जितकं उंच तितकं अंतर ठेवता आलं तर उत्तम. सावली पाहिजे म्हणून सगळे झाडाखालीच जागा धरतात, मी समजू शकतो, पण काळ्या मातीत ते महाग पडतं. अन् शेड घराच्या भिंतीला चिकटवू नका, मधात फूटभर तरी जागा सोडा, दोन्हीची हालचाल वेगळी असते. गावठाणात असाल तर काम सुरू करायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

काम कधी करायचं

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. आपण सगळे मे महिन्यात कामं काढतो कारण शेतीची कामं नसतात, पण तेव्हा काळी माती पूर्ण आकसलेली असते, म्हणजे तिचं सगळं फुगणं अजून व्हायचं बाकी असतं, जे काही तिच्यावर बांधाल ते जुलैत उचललं जाईल. भर पावसाळ्यात खोदायला गेलं तर चिखल, त्यावर ठोकलेलं काही बसत नाही. माती ना कोरडी ना ओली असा काळ दिवाळीनंतर ते होळीच्या आधी. दिवाळीनंतर कापूस वेचणी अन् मग तुरीची काढणी असते, माणूस मिळत नाही, त्यामुळं संक्रांत झाली की लगेच काढा. मुरूम ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगून ठेवा.

पर्याय कोणते, अन् मी कोणता घेईन

सगळ्यात स्वस्त, अन् काळ्या मातीत माझ्या मते सगळ्यात चांगला, म्हणजे ठोकलेल्या मुरमाचा ओटा अन् त्यावर सुटे सॉलिड ब्लॉक, त्यावर शेडची अँगलची चौकट. सिमेंट फक्त चार कोपऱ्यांना वाऱ्यासाठी. काही वर हललं तर जॅकनं उचलून पातळ फरशीचा तुकडा घालून परत लेव्हल करता येतं, हीच त्याची मोठी गोष्ट आहे.

दुसरा म्हणजे खड्डे करून काँक्रीटचे खांब अन् त्यावर चौकट. पैसे मध्यम लागतात, पण भेगांच्या खोलीच्या खाली गेलं तरच उपयोग, दीड फुटाचे खांब भारी काळीत दरवर्षी वर ढकलले जातात.

तिसरा, काँक्रीट स्लॅब. कडबा कटर किंवा मोटरसायकल ठेवायची असेल तरच, अन् तोसुद्धा मुरमाच्या ओट्यावरच, मातीवर कधीच नाही. ८ बाय १० ला ४ इंच म्हणजे जवळपास २७ घनफूट काँक्रीट, १:२:४ (एक भाग सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी) नं ५ बोऱ्या सिमेंट, १२ घनफूट रेती, २४ घनफूट गिट्टी, अन् ८ एमएम सळई ८-८ इंचावर दोन्हीकडून टाकली तर ३०-३२ किलो लोखंड. वरून मिस्त्रीची मजुरी अन् ७ ते १० दिवस ओली पोती टाकून पाणी मारणं. छोट्या सामानाच्या शेडला हे मला जास्त वाटतं.

चौथा, विटांचा जोता घराच्या पद्धतीनं. तो पैसा घरासाठी ठेवा. घराला काळ्या मातीत काय करायचं हा वेगळा विषय आहे, त्यासाठी रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाइल काढले, ते इंजिनिअरला विचारूनच करायचं काम आहे.

मुरमाचा ओटा, नीट सांगतो

शेड ८ बाय १० असेल तर ओटा १० बाय १२ धरा, चारी बाजूंनी १ फूट जास्त. खुंट्या मारा, दोरी ताणा. काटकोन पाहायला एका बाजूनं ३ फूट अन् दुसरीकडून ४ फूट मोजून तिरपं ५ फूट यायला पाहिजे. ब्लॉक लावताना शेडचे दोन्ही कर्ण मोजा, ८ बाय १० ला १२ फूट पावणेदहा इंचाला जरासं कमी येतं, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते महत्त्वाचं.

टिकास अन् फावड्यानं १ फूट खोल काळी माती काढा. काढलेली माती वाफ्यांना टाका, वाया जात नाही. खड्ड्याचा तळ सपाट न ठेवता उताराच्या बाजूला २ इंच झुकता ठेवा अन् त्या बाजूनं एक छोटी नाली काढून द्या. नाही तर होतं काय, काळ्या मातीत खोदलेला खड्डा म्हणजे टाकंच, बाजूनं पाणी आत येतं अन् बाहेर जात नाही. म्हणूनच त्यात नुसती गिट्टी किंवा रेती भरू नका. शहरातले लोक गिट्टी भरायला सांगतात कारण पाणी निथळतं, पण निथळून जाणार कुठं, खाली काळीच आहे, ते पाणी तिथंच बसून माती फुगवतं. मुरूम नीट ठोकला की त्यातून पाणी फारसं जात नाही, अन् तो स्वतः फुगतही नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अशाच न फुगणाऱ्या पण धरून राहणाऱ्या मातीचा थर टाकायची पद्धत मांडली, तिला सीएनएस म्हणतात, कालव्यांच्या कामात ती वापरतात. आपला चांगला मुरूम त्याच जातीचा.

मुरूम घेताना ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी मूठभर हातात घ्या, थोडं पाणी टाका, दाबा. गोळा व्हायला पाहिजे पण बोटाला चिकटायला नको. चिकटला तर त्यात काळी मिसळलीय, परत पाठवा. किती लागेल तर १० बाय १२ ला १ फूट खाली अन् अर्धा फूट जमिनीच्या वर, १८० घनफूट म्हणजे १.८ ब्रास, ठोकल्यावर दबतो म्हणून सव्वादोन ब्रास धरा, साधारण अडीच ट्रॉली. रॉयल्टीची पावती असलेल्याकडूनच घ्या, मुरूम गौण खनिजात येतो, बिनापरवाना ट्रॉली पकडली तर त्रास होतो.

भरताना पूर्ण ट्रॉली एकदम पसरवू नका. ४ ते ६ इंचाचा थर, त्यावर झारीनं पाणी शिंपडा, चिखल होईल इतकं नाही, मग धुम्मसनं ठोका. कडेपासून मधात या, अन् एका जागेवर इतकं ठोका की धुम्मसचा आवाज बदलेल, आधी थप थप येतो, बसला की टणटण येतो. मग टाचेनं जोर देऊन पाहा, टाच रुतली नाही तरच पुढचा थर. ट्रॅक्टर आत येत असेल तर चाकानं दाबून घेतलं तरी चालतं, कोपरे मात्र हातानंच. आम्हा दोघांना चार थरांना दीड दिवस लागला, हात भरून आले, पण हेच काम पायाचं आहे, इथं घाई केली तर पुढचं सगळं फुकट.

सगळ्यात वर २ इंच क्रशरची चुरी टाकून लेव्हल करा. ती ओली करून ठोकली की फरशीसारखी बसते.

मुरूम फार लांबून आणावा लागत असेल तर एक मार्ग चुन्याचा आहे. वरच्या ६ इंच काळ्या मातीत वजनाच्या ४-५ टक्के चुना मिसळून, ओलं करून, ठोकून घेतलं की ती माती कमी फुगते. १० बाय १२ ला ६ इंचाच्या थराला शंभर-सव्वाशे किलो चुना लागेल. हातमोजे, चष्मा अन् तोंडाला दुपट्टा पाहिजेच, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, लेकरांना जवळ येऊ देऊ नका. मुरूम मिळत असेल तर मुरूमच घ्या.

ब्लॉक अन् लेव्हल

सॉलिड सिमेंट ब्लॉक ९ घ्या, पोकळ नाही. तीन ओळी, प्रत्येकी तीन, एकीकडून ४ फुटावर अन् दुसरीकडून ५ फुटावर. लेव्हल पाइपात (पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी) पाणी भरताना हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं, पाइप झटकून दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत आहे का ते आधी पाहा. सगळ्यात उंच ब्लॉक धरून बाकीचे त्याच्या बरोबरीला आणा, खाली चुरी कमीजास्त करून. विटाच वापरायच्या तर पक्क्या भाजलेल्या घ्या. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावती-बुलढाण्याकडं असाल तर विटेला लोणा लागतो अन् लोखंडही लवकर गंजतं, तिथं विटा टाळा अन् अँगलच्या खालच्या फूटभराला डांबरी रंग द्या.

आता वाऱ्याचं. टिनाचं शेड खचत नाही पण उडतं. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे तासाला जवळपास १५८ किलोमीटर, त्यापुढं शेडचं स्वतःचं वजन पुरत नाही. मे-जूनमधलं वादळ आपण सगळ्यांनी पाहिलंय, टिनं शेजाऱ्याच्या वावरात सापडतात. म्हणून चारही कोपऱ्यांना १ फूट चौकोनी, अडीच ते ३ फूट खोल गड्डे घ्या, तळाला थोडे रुंद, वर अरुंद, घागरीसारखे. उलटं झालं, वर रुंद अन् खाली निमुळतं, तर माती फुगताना त्याला पाचरीसारखं वर काढते. गड्ड्याच्या वरच्या दीड फुटाला आतून प्लास्टिकची काळी पन्नी लावा म्हणजे काँक्रीटला माती धरणार नाही. मधात जीआय पाइप, त्याच्या खालच्या टोकाला आडवी सळई वेल्ड केलेली, अन् १:२:४ काँक्रीट. चारही मिळून १० ते १२ घनफूट होतं, २ बोऱ्या सिमेंट. शेडची चौकट अन् हा पाइप एकमेकाला वेल्ड करू नका, लांब भोकाची पट्टी अन् नटबोल्ट लावा, म्हणजे ब्लॉक थोडे हलले तर बोल्ट सैल करून परत कसता येतो.

पाणी काढून देणं

ओट्याच्या चारी बाजूंनी जमीन बाहेर उतरती करा, ४-५ फुटात ३ इंच तरी. टिनाला पन्हाळी लावा, अन् पन्हाळीचं पाणी पाइपनं लांब वाफ्यात किंवा टाकीत सोडा. माझी कड उचलली ती फक्त पन्हाळी नव्हती म्हणून, नंतर लावायला एका दिवसाचं काम होतं. ओट्याच्या काठाला भाजी लावू नका, रोज पाणी दिलं की तीच बाजू फुगते. मला स्वतःला तिथला वेल काढावा लागला, दोडका चांगला लागला होता तरी.

पहिला पावसाळा गेला की दसऱ्याच्या सुमारास लेव्हल पाइप परत काढा अन् नऊही ब्लॉक तपासा. पाव इंच फरक असेल तर सोडून द्या. अर्धा इंच असेल तर बोल्ट सैल करा, मोटारीचा छोटा जॅक फळीवर ठेवून चौकट उचला, फरशीचा पातळ तुकडा घाला, बोल्ट कसा. माझ्या दुसऱ्या शेडला पहिल्या वर्षी एकाच कोपऱ्यात तुकडा घालावा लागला, तो पन्हाळीच्या तोंडाचा कोपरा होता, मग पाइप अजून ६ फूट लांब नेला अन् पुढच्या दसऱ्याला तो कोपरा जिथल्या तिथं होता.